लहान बाथरूम, जुने पाइप आणि वारंवार तुंबणारे कमोड: भांडे निवडण्याआधी काय तपासावे

इंदूरमध्ये रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा भागांतल्या जुन्या घरांची दुरुस्ती करताना एक तक्रार सतत कानावर येते. बाथरूम नवे केले, कमोड चांगल्या कंपनीचे आणले, तरी ते महिन्या-दोन महिन्यांनी तुंबते. फ्लश केला की पाणी आधी वर चढते, मग रेंगाळत खाली जाते, आणि मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊन वास सुटतो. प्लंबर येऊन स्प्रिंग फिरवून जातो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. शेवटी घरातली मंडळी कंटाळून कमोडच बदलायला निघतात. माझे म्हणणे असे, की अशा घरांत बहुतेक वेळा दोष भांड्यात नसतो. फरशीखाली किंवा भिंतीत आधीपासून असलेल्या पाइपशी त्या भांड्याचा मेळ बसलेला नसतो, आणि हा मेळ दुकानात जाण्याआधी टेप हातात घेऊन बसवायचा असतो. रंग, आकार आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

दोष नेमका कुठे आहे

नवे भांडे घेण्यापूर्वी जुन्याची परीक्षा घ्यावी, आणि त्यासाठी पाण्याची एक बादली पुरते. सुमारे दहा लिटर पाणी थोड्या उंचीवरून एकदम भांड्यात ओतावे. बादलीने सगळे झटक्यात वाहून गेले, पण टाकीच्या फ्लशने जात नसेल, तर पाइप मोकळा आहे आणि दोष फ्लशमध्ये आहे. टाकीतले पाणी आतल्या खुणेपर्यंत भरते का, हे झाकण काढून पाहावे. त्यानंतर भांड्याच्या काठाखाली एक लहान आरसा धरून तिथली छिद्रे तपासावीत. आपल्याकडे नर्मदेचे पाणी 1978 पासून येत असले तरी अनेक घरांत संडासाच्या टाकीला बोअरचेच पाणी जोडलेले असते, आणि माळव्याच्या काळ्या खडकातले हे पाणी जड असल्यामुळे काठाखालच्या छिद्रांत पांढरा थर साचून ती अर्धी बुजतात. अशा वेळी व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या वळ्या काठाखाली रात्रभर दाबून ठेवाव्यात आणि सकाळी ब्रशने घासावे. आम्लाचा क्लीनर वापरायचाच असेल, तर त्याच्याबरोबर ब्लीच कधीही टाकू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या लहान बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बादलीचे पाणीही वर चढत असेल, तर घराबाहेरचे चेंबर उघडून एकाने तिथे उभे राहावे आणि दुसऱ्याने आत फ्लश करावा. चेंबर आधीच भरलेले असेल, तर अडथळा त्याच्या पुढे आहे आणि कमोड कितीही बदलले तरी काही उपयोग नाही. चेंबर कोरडे असून पाणी बारीक धारेने, उशिरा येत असेल, तर अडथळा कमोड आणि चेंबर यांच्या मधल्या पाइपमध्ये किंवा खुद्द ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवून दुर्गंध अडवणाऱ्या वळणात, आहे. फ्लशच्या वेळी मोरीच्या जाळीत बुडबुडे येत असतील, तर एक तर पुढे पाइप अर्धवट तुंबलेला आहे किंवा गच्चीवर जाणारा हवेचा पाइप बंद झालेला आहे. जुन्या घरांत वर मजला चढवताना हा हवेचा पाइप मध्येच कापून त्यावर फरशी घातल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तो बंद असला की वाहत्या पाण्यामागे पोकळी तयार होते, आणि ती भरून काढण्यासाठी हवा मोरीच्या ट्रॅपमधले पाणी ओढून आत शिरते. ट्रॅपमधले पाणी गेले की दुर्गंध अडवायला काहीच उरत नाही. कमोडच्या ट्रॅपमध्ये किमान 50 मिमी पाणी कायम उभे राहावे, असा नियम असण्याचे कारण हेच.

दोन ट्रॅप: जुन्या घरांतला सर्वांत मोठा दोष

वारंवार तुंबण्याचे एक कारण असे आहे, की ते फरशी फोडल्याशिवाय दिसत नाही आणि म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. खाली बसायच्या देशी भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. त्याच्या खाली चिनीमातीचा किंवा बीडाचा वेगळा ट्रॅप बसवतात आणि तो फरशीखाली कायमचा गाडला जातो. याउलट कमोडच्या अंगातच ट्रॅप घडवलेला असतो. देशी भांडे काढून त्याच जागी कमोड बसवताना खालचा जुना ट्रॅप तसाच ठेवला, तर सांडपाण्याला लागोपाठ दोन वळसे घ्यावे लागतात. दोन्ही ठिकाणी पाणी उभे राहते आणि मधल्या तुकड्यात हवा कोंडली जाते. फ्लशचे पाणी त्या कोंडलेल्या हवेवर आपटते, त्याचा जोर तिथेच संपतो, आणि घाण दुसऱ्या वळशात पडून राहते.

रामबागेतल्या एका जुन्या घरात हेच झाले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काकूंना खाली बसणे अशक्य झाले, म्हणून घाईने कमोड बसवले गेले, आणि ते तुंबत राहिले म्हणून पुढे एक महागडे कमोड आणले गेले. तेही तसेच वागू लागल्यावर काकूंनी विचारले, "अहो, भांडे नवे, टाकी नवी, मग अडते कुठे?" कमोड उचलून बाजूला ठेवले आणि टॉर्च आत धरला, तेव्हा पाइपच्या तोंडापासून हातभर खाली स्थिर पाणी चमकताना दिसले. कमोड काढल्यावर खालच्या पाइपमध्ये उभे पाणी दिसता कामा नये. मोकळा पाइप ओलसर असेल, पण त्यात पाणी साचलेले नसेल. ते दिसले म्हणजे खाली जुना ट्रॅप आहे असे जवळपास नक्की समजावे. फरशी फोडून तो काढला आणि त्या जागी साधा बेंड बसवला, तेव्हा आधी नावे ठेवून माळ्यावर टाकलेले पहिले कमोडही तिथे व्यवस्थित चालले.

ज्या घरात देशी भांडे काढून कमोड बसवायचे आहे, तिथे प्लंबरला पहिला प्रश्न हाच विचारावा, की खालचा ट्रॅप निघणार आहे का. तो "ठेवला तरी चालतं" म्हणाला, तर काम तिथेच थांबवावे. ट्रॅप काढायचा खर्च आज वाचतो आणि पुढची अनेक वर्षे तो वसूल होत राहतो. खालच्या मजल्याच्या छतामुळे किंवा भाड्याच्या घरामुळे फोडाफोड खरोखरच शक्य नसेल, तर देशी भांडे तसेच ठेवून त्यावर मजबूत स्टीलची कमोड-खुर्ची ठेवणे हा जास्त प्रामाणिक उपाय आहे, विशेषतः गरज एकाच वृद्ध माणसाची असेल तेव्हा.

माप कसे घ्यावे

कमोड दोन जातींचे असते. एस-ट्रॅपचे तोंड खाली फरशीकडे असते, पी-ट्रॅपचे तोंड मागे भिंतीकडे असते. एस-ट्रॅपसाठी मागच्या भिंतीपासून फरशीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे, आणि पी-ट्रॅपसाठी फरशीपासून भिंतीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतची उंची. आपल्या दुकानांत एस-ट्रॅपची भांडी चार इंची, नऊ इंची आणि बारा इंची, म्हणजे साधारण 100, 225 आणि 300 मिमी अशी मिळतात. पी-ट्रॅपची उंची बहुधा 180 मिमीच्या आसपास असते. पाइपचा मध्य डोळ्यांनी ठरवू नये. भिंतीपासून पाइपच्या जवळच्या काठापर्यंत आणि लांबच्या काठापर्यंत अशी दोन अंतरे मोजून त्यांची बेरीज निम्मी केली, की मध्य अचूक मिळतो.

सगळा घोळ होतो तो टाइल्समुळे. माप नेहमी तयार भिंतीपासून आणि तयार फरशीपासून धरायचे असते. भिंतीच्या जुन्या टाइल्सवरच नव्या लावल्या, तर मसाला धरून 20 ते 25 मिमी अंतर खाल्ले जाते, आणि जुन्या टाइल्सपासून 240 मिमी मोजलेला पाइप काम संपल्यावर 215 मिमीवर येतो. मग नऊ इंची भांड्याची टाकी भिंतीला टेकते आणि तोंड पाइपवर येतच नाही. फरशी उचलली गेली तर पी-ट्रॅपचीही उंची बदलते, पण तिथे एक दिशा चालते आणि दुसरी चालत नाही. भिंतीतला पाइप भांड्याच्या तोंडापेक्षा थोडा खाली गेला, तर तिरकस कनेक्टरने, म्हणजे भांडे आणि पाइप यांच्यामधल्या जोडतुकड्याने, तो जुळवता येतो, कारण पाणी उताराकडेच जाते. पाइप तोंडापेक्षा वर राहिला, तर मात्र घाणीला चढ चढावा लागतो आणि ती दर वेळी तोंडाशी थांबते. अशा ठिकाणी कमोडखाली तेवढ्या उंचीचा पक्का ओटा बांधून भांडे वर घ्यावे. साधारण 400 मिमी उंचीची बैठक त्यामुळे 430 किंवा 450 मिमीवर गेली, तर गुडघेदुखीच्या माणसाला ती सोयीचीच वाटते. मात्र लहान मुले असतील तर पायाखाली पाट ठेवावा लागतो.

पाइपचा व्यासही याच वेळी मोजावा. संडासाला 110 मिमीचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप लागतो, आणि तो आयएस 13592 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा असावा. मागाहून काढलेल्या बाथरूमला कुठे कुठे 75 मिमीचा पाइप जोडलेला सापडतो. त्यावर कोणतेही कमोड बसवू नये.

अंतर मधलेच निघाले तर

जुन्या घरांत पाइप नेमका 225 किंवा 300 मिमीवर सापडणे हे नशीबच म्हणायचे. तो 190, 250, 270 अशा कुठल्याही मापावर असतो. अशा वेळी प्रत्यक्ष अंतरापेक्षा लहान मापाचे भांडे घ्यावे, मोठे कधीही घेऊ नये. पाइप 250 मिमीवर असेल आणि नऊ इंची भांडे घेतले, तर टाकीमागे इंचभर फट राहते, ती एखाद्या ग्रॅनाइटच्या पट्टीने झाकता येते आणि जोड सरळ राहतो. तेच बारा इंची भांडे घेतले, तर टाकी भिंतीत शिरल्याशिवाय तोंड पाइपवर येणार नाही, आणि मग मिस्त्री लवचिक वळीदार कनेक्टर ताणून कसेबसे जोडून देतो.

या कनेक्टरविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजकाल प्रत्येक अडचणीवर तोच उपाय म्हणून लावला जातो. सरळ कनेक्टर उत्तम. वीस-पंचवीस मिमीचा फरक काढणारा कडक, तिरकस तोंडाचा कनेक्टर ठीक असतो, मात्र त्याचा तिरपेपणा उताराच्या दिशेने बसवायला हवा. वळीदार लवचिक कनेक्टर आतूनही वळीदारच असतो. त्याच्या प्रत्येक कडेवर मळ आणि कागद अडकतो, आणि ताणून बसवला तर मध्ये झोळ पडून तिथे पाणी साचते. पहिल्या काही आठवड्यांत काहीच जाणवत नाही, म्हणून दोष मागाहून भलत्याच गोष्टीला दिला जातो. जिथे हात पोहोचेल आणि तो पुन्हा काढता येईल, अशा उघड्या जागी तात्पुरता म्हणून तो लावावा. टाइल्सच्या आड कधीही गाडू नये.

पाइप फरशीत आहे पण एस-ट्रॅपचे कोणतेच माप जमत नाही, अशा ठिकाणी एक तोडगा अनेकदा कामी येतो. पी-ट्रॅपचे कमोड घ्यावे आणि त्याच्या तोंडाला 90 अंशांचा बेंड लावून तो फरशीतल्या पाइपमध्ये उतरवावा. बेंडच्या आडव्या भागाची लांबी कापून कमीजास्त करता येत असल्यामुळे भिंतीपासूनचे अंतर आपल्या हातात राहते. यासाठी कमोडचा मागचा भाग उघडा असायला हवा, चारही बाजूंनी बंद असलेल्या गुळगुळीत भांड्यात हे जमत नाही, म्हणून दुकानात भांडे उलटून मागून पाहावे. देशी भांड्याचे भोक मात्र भिंतीपासून बारा इंचांपेक्षाही बरेच लांब असते. तिथे या तोडग्याने कमोड बाथरूमच्या मध्यावर येऊन उभे राहील, आणि पाइप मागे सरकवण्याशिवाय इलाज नाही.

भांड्याची जात कोणती घ्यावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. जुन्या पाइपला वॉशडाउन पद्धतीचेच कमोड घ्यावे. त्यात पाणी वरून पडून घाण सरळ ढकलते, आतला मार्ग आखूड असतो, आणि बादलीने पाणी ओतले तरी ते चालते. नळाला पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरांत या शेवटच्या गोष्टीचे मोल फार आहे. घाण पाण्याच्या ओढीने खेचून नेणारे सायफोनिक भांडे आवाज कमी करते आणि आत स्वच्छ दिसते, पण त्याचा आतला मार्ग अरुंद आणि वळणाचा असतो, ते बहुतेक बारा इंची मापातच मिळते, आणि पुढे हवेचा पाइप व उतार नीट नसेल तर ओढ तयारच होत नाही. नव्या फ्लॅटमध्ये ते खुशाल बसवावे.

पाण्याच्या बचतीबद्दलही इथे बोलायला हवे. पूर्वीच्या टाक्या दर फ्लशला दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडत, आणि जुने पाइप त्या हिशेबाने टाकलेले असत. आजच्या दुहेरी बटणाच्या टाकीत सहा आणि तीन लिटर पाणी सुटते. चार इंची पाइपला दर 40 फुटांमागे एक फूट, म्हणजे मीटरला 25 मिमी ढाळ मिळाला, तर सहा लिटरमध्ये काम भागते. पण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे बोळातून किंवा मागच्या अंगणातून गेलेला जुना पाइप कुठे कुठे बसतो आणि मूळचा ढाळ मोडतो. सांडपाणी नाल्यांत न सोडता सीवर लाइनला जोडण्याच्या मोठ्या कामानंतर 2021 मध्ये इंदूर देशातले पहिले वॉटर प्लस, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी बाहेर न सोडणारे, शहर ठरले, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या वेळी ज्या घरांचा पाइप मागच्या नाल्याऐवजी पुढच्या रस्त्याकडे वळवला गेला, तिथे लांबी आणि वळणे वाढलेली असू शकतात, आणि हे ध्यानात घेऊनच भांडे निवडावे. चार लिटरच्या फ्लशचे कमोड अशा घरात घेऊ नये. सहा लिटरचे घ्यावे, आणि तुंबण्याची जागा चेंबरच्या जवळ असेल तर आधी तेवढा पाइप उकरून ढाळ सुधारावा.

जागा लहान असेल तेव्हा

कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 380 मिमी, म्हणजे पंधरा इंच मोकळे असावेत. याहून कमी असले तर कोपर भिंतीला घासते. पुढे गुडघ्यांसाठी निदान 530 मिमी तरी हवेत. दार आत उघडत असेल तर त्याची कमान खडूने फरशीवर काढून पाहावी, कारण साध्या कमोडची लांबी 640 ते 720 मिमी असते आणि चार फुटी बाथरूममध्ये दार पुढच्या कडेला अडकते. दार बाहेर उघडणारे करणे हे आखूड कमोड शोधण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि आत कोणी पडले तर दार बाहेरून ओढून उघडता येते.

भिंतीवर टांगलेले कमोड लहान जागेत शोभते, फरशी धुवायलाही सोपे जाते, परंतु साडेचार इंची विटेची भिंत खोदून त्यात टाकी आणि चौकट बसवणे धोक्याचे आहे. त्यासाठी पुढे वेगळी भिंत उभारावी लागते, ती जागा खाते, आणि मग वाचलेली जागा फारशी उरत नाही. शिवाय पाइप फरशीत असेल तर हा पर्याय विचारातच घेऊ नये.

बसवताना आणि बसवल्यावर

कमोड आधी कोरडे ठेवून पाहावे: तोंड पाइपवर नीट येते का, भांडे डुगडुगते का, टाकीचे झाकण वर उघडते का, दार फिरते का. मगच बोल्टची भोके पाडावीत. जोडाला पांढरे सिमेंट भरण्याची पद्धत सोडून रबरी रिंगचा कनेक्टर वापरावा, कारण सिमेंट कडक होते आणि वापरताना भांडे किंचित हलले तरी त्याला तडा जातो. तळालाही सिमेंट न लावता बोल्ट आणि सिलिकॉन वापरावे, म्हणजे पुढे कधी भांडे काढावे लागले तर ते फुटत नाही.

सिलिकॉन सुकायला एक दिवस देऊन मग पाच-सहा कागद टाकून मोठे बटण दाबावे, आणि चेंबरशी कोणाला तरी उभे करून ते कागद एकदमच बाहेर येतात का ते पाहावे. वरच्या मजल्यावरचे काम असेल, तर खालच्या खोलीच्या छतावर कमोडच्या बरोबर खाली पेन्सिलने एक चौकोन आखून ठेवावा आणि आठवड्याने त्यावरून हात फिरवावा. तिथे गारवा किंवा डाग जाणवला, तर छताला रंग मारण्याआधी वरचा जोड उघडून रबरी रिंग तपासावी.